सेल विकत घ्यावेत की चार्ज करावेत? आधी वर्षाचा हिशेब मांडा

घरात सेलवर चालणाऱ्या वस्तू किती आहेत, एकदा मोजून बघा. भिंतीवरचे घड्याळ, टीव्हीचा रिमोट, रात्री दारं धरायला न्यायची बॅटरी, आजोबांचा रेडिओ, पोरांची खेळणी, रक्तदाब मोजायचे यंत्र. सहज सात-आठ भरतील. आठवडी बाजाराच्या पिशवीत साखर-चहापत्तीबरोबर सेलची जोडी येते, पण तिचा हिशेब कोणी लिहून ठेवत नाही. खताच्या गोणीमागे भाव वाढला की पारावर चर्चा होते. सेलचे पैसे सुट्ट्या पैशांत जातात, म्हणून ते डोळ्यांवर येत नाहीत.

दुकानदार म्हणतो, "चार्जिंगचे सेल न्या, हजार वेळा चार्ज होतात." शेजारी म्हणतो, "कसले हजार वेळा? माझे वर्षात गेले." दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात. सेल कोणत्या वस्तूत घातला, किती वापरला आणि कसा ठेवला यावर सगळे आहे. तेव्हा "चार्जिंगचे सेल परवडतात का?" हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. "कोणत्या वस्तूला परवडतात?" असे विचारा, म्हणजे उत्तर सापडते.

आधी सेल ओळखा

गावाकडे आपण हातातल्या दिव्याला बॅटरी म्हणतो आणि आत घालायच्या नळकांड्याला सेल. इथेही तसेच म्हणू. साधा सेल म्हणजे कार्बनचा. बाहेर जस्ताचे भांडे, मधोमध कार्बनची कांडी आणि भोवती काळा मसाला. जस्त झिजत जाते तशी वीज मिळते. जस्त संपले की भांड्याला भोक पडते आणि आतले पाणी बाहेर येते. जुन्या रिमोटमध्ये पांढरी-हिरवी बुरशी धरल्यासारखे दिसते ते हेच.

दुसरा अल्कलाइन. तो महाग, पण जास्त टिकतो. हे दोन्ही एकदा संपले की संपले. त्यांचा जोर १.५ व्होल्ट असतो.

तिसरा चार्जिंगचा. पूर्वी निकेल-कॅडमियमचे सेल असत. आता बहुतेक निकेल-मेटल हायड्राइडचे मिळतात. जोर १.२ व्होल्ट, म्हणजे जरा कमी. पण पेन्सिल सेलच्या आकारात त्याच्यात साधारण २,००० मिलिअँपिअर-तास इतकी वीज मावते. पाकिटावर 'एमएएच' म्हणून जो आकडा असतो तो हाच. घागरीत किती लिटर पाणी मावते, तसा तो आकडा समजा.

साध्या कार्बन सेलची एक गंमत आहे. त्याच्याकडून हळूहळू काम घ्या, तो भरपूर देतो. एकदम जोराने मागा, तो लवकर दमतो. घड्याळात तो वर्षभर चालतो आणि तोच सेल उजेडाच्या बॅटरीत दोन तासांत पिवळा पडतो. म्हणूनच बॅटरीतून उतरलेले सेल घड्याळात घालायची आपल्याकडची जुनी रीत अडाणीपणाची नाही. त्या सेलात घड्याळापुरता जीव खरोखरच उरलेला असतो. फक्त अधूनमधून मागचे झाकण उघडून पाझरला नाही ना, हे बघत जा.

तीन एकरांना ट्रॅक्टर

आता हिशेबाकडे वळू. भाव गावोगावी वेगळे आहेत, म्हणून आपण मनाने काही आकडे धरू. तुम्ही त्या जागी आपल्या दुकानातला भाव घाला. साधा पेन्सिल सेल १५ रुपये, अल्कलाइन ४० रुपये, चार्जिंगचा सेल १८० रुपये आणि चार्जर ४८० रुपये. म्हणजे चार सेल आणि चार्जर मिळून १,२०० रुपये.

चार्जिंगला लागणाऱ्या विजेची काळजी करू नका. एका सेलात सुमारे अडीच वॅट-तास वीज मावते. चार्जरमध्ये तितकीच वाया गेली असे धरले तरी पाच वॅट-तास. एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास, तेव्हा एका युनिटमध्ये दोनशे सेल भरतील. युनिटला आठ रुपये धरले तरी एका सेलचे चार पैसे झाले. खरा खर्च विजेचा नाही, तो सुरुवातीला गुंतवलेल्या पैशांचा आहे.

तीन एकरवाल्याने स्वतःचा ट्रॅक्टर घ्यावा का, हे तुम्हाला सांगायला नको. ट्रॅक्टर वाईट असतो म्हणून नव्हे, तर तो वर्षातले बहुतेक दिवस छपरात उभा राहतो आणि हप्ता चालूच राहतो म्हणून भाड्याचा परवडतो. चार्जिंगच्या सेलचे अगदी तसेच आहे. तो दोन कारणांनी मरतो, वापराने किंवा वयाने. पाकिटावर हजार वेळा लिहिलेले असले तरी आपण सावधपणे दोनशेच वेळा धरू. १८० रुपयांचा सेल दोनशे वेळा भरला तर एका भरणीचे ९० पैसे पडतात. पंधरा रुपयांच्या सेलपुढे हे फुकटच म्हणायचे! पण तोच सेल घड्याळात घातला तर वर्षात जेमतेम दोनदा भरावा लागेल. दोनशे वेळा भरायला शंभर वर्षे लागतील, आणि सेल तर पाच-सहा वर्षांत वयानेच जाणार. म्हणजे घड्याळात त्याचा खर्च वर्षाला तीसहून जास्त रुपये आणि साध्या सेलचा पंधरा. बॅटरीतून उतरलेला सेल घातला तर शून्य.

यातून एक सोपे माप निघते. १,२०० रुपयांचा संच चार सेलांचा, म्हणजे सेलमागे ३०० रुपये. पाच वर्षे टिकला तर वर्षाला ६० रुपये, म्हणजे चार साध्या सेलांची किंमत. तेव्हा ज्या वस्तूतले सेल तुम्हाला तीन महिन्यांच्या आत बदलावे लागतात, तिथे चार्जिंगचे सेल परवडतात. जिथे वर्ष-सहा महिने बदलावे लागत नाहीत, तिथे परवडत नाहीत. घड्याळ आणि रिमोट यातून सरळ बाद झाले. रेडिओ दिवसभर चालत असेल तर आत, फक्त सकाळच्या बातम्यांपुरता असेल तर बाहेर. पोरांच्या मोटारगाड्या आत, खेळणे सेलच्या आधी मोडले नाही तर!

रात्रीच्या पाण्याची बॅटरी

खरा पैसा आणि खरी काळजी इथे आहे. शेतीपंपाला पाळीने वीज मिळते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की हातात खोरे आणि बॅटरी घेऊन जावेच लागते. २०१७ साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज देण्यासाठीच आहे. ज्या फीडरला ती पोचली तिथल्या लोकांनी हा भाग सोडून पुढे वाचले तरी चालेल. बाकीच्यांनी मात्र नीट बघा.

तीन पेन्सिल सेलची एलईडी बॅटरी धरू. महिन्यात बारा रात्री पाणी आणि दर रात्री मिळून एक तास उजेड, म्हणजे महिन्याला बारा तास. साधे सेल चांगला उजेड दोनच तास देतात, पुढे नुसता काजवा. म्हणजे महिन्याला सहा वेळा तीन सेल, एकूण १८ सेल, २७० रुपये. रब्बीचे चार महिने धरले तर १,०८० रुपये. चार्जिंगचे तेच तीन सेल एका भरणीत सहा-सात तास जातात. महिन्यातून दोनदा भरले की झाले. म्हणजे संचाचे पैसे जवळजवळ एकाच रब्बीत निघतात आणि दुसऱ्या वर्षापासून निव्वळ बचत.

जाता जाता अल्कलाइनचाही हिशेब करून टाकू. ४० रुपयांचा अल्कलाइन बॅटरीत साध्यापेक्षा तिप्पट तरी जातो, म्हणजे महिन्याला सहा सेल, २४० रुपये. महाग दिसणारा सेल उजेडाच्या कामाला साध्यापेक्षा थोडा स्वस्तच पडला! घड्याळात मात्र तो घालू नये.

आता काळजीची गोष्ट. साधा सेल हळूहळू मंद होतो. उजेड पिवळा पडायला लागला की आपण ओळखतो आणि घरची वाट धरतो. चार्जिंगचा सेल शेवटपर्यंत एकसारखा उजेड देतो आणि मग पाच-दहा मिनिटांत अंधार! उसाच्या सरीत किंवा कांद्याच्या वाफ्यात मध्यरात्री हे झाले तर काय? मण्यार रात्रीच हिंडते, घोणसही. बिबट्याचा मुलूख असेल तर आणखीनच. म्हणून चार्जिंगचे सेल वापरा, पण खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून अल्कलाइनचे तीन सेल कायम ठेवा. १२० रुपयांचे ते सेल पडून राहिले तर राहू द्यात. तेवढी काटकसर इथे करू नका.

एक तांत्रिक अडचणही सांगतो. दोन सेलच्या काही एलईडी बॅटऱ्या चार्जिंगच्या सेलवर मंद लागतात, कारण जोर १.२ व्होल्टचा. तीन सेलच्या बॅटरीत सहसा हा त्रास येत नाही. दुकानातच घालून बघा. जाड, मोठ्या सेलच्या बॅटरीसाठी चार्जिंगचे मोठे सेल शोधत बसू नका. ते महाग असतात, आणि स्वस्तातल्या मोठ्या सेलच्या आत कित्येकदा पेन्सिल सेलएवढाच माल असतो.

पिनेची बॅटरी वर्षात का मरते?

तुमच्यापैकी अनेक जण म्हणतील, आम्ही सेल कधीच सोडले, भिंतीच्या प्लगला लावायची चार्जिंगची बॅटरी वापरतो. बरोबर आहे. पण दर दिवाळीला नवी घ्यावी लागते, हेही तितकेच खरे.

या स्वस्त बॅटऱ्यांत बहुधा चार व्होल्टची शिशाची बंद बॅटरी असते, ट्रॅक्टरच्या बॅटरीची धाकटी बहीण. तिला उपाशी ठेवलेले चालत नाही. पूर्ण उतरलेली तशीच खुंटीला टांगली की शिशाच्या पत्र्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि मग कितीही चार्ज करा, ती धरत नाही. पाऊस लागला, पाण्याची गरज संपली, बॅटरी चार महिने कपाटात गेली. पुढच्या हंगामात काढली तर मेलेली. ही दर वर्षाची गोष्ट. आणि उलटही होते. रात्रभर, मग दिवसभर प्लगला अडकवून ठेवली तर आतले पाणी सुकते, कारण स्वस्त मालात भरल्यावर वीज तोडायची सोय नसते.

उपाय साधा आहे. घरी आलात की वापर कमी झाला असला तरी लगेच चार्जिंगला लावा, पण खोक्यावर लिहिलेल्या तासांपेक्षा जास्त नको. वापर नसेल तेव्हाही महिन्यातून एकदा भरून ठेवा. चारशे रुपयांची बॅटरी एका वर्षाऐवजी तीन वर्षे गेली तर वर्षाचे १३३ रुपये पडतात. इतके स्वस्त दुसरे काहीच नाही. लिथियमची बॅटरी घेणार असाल तर आतला सेल काढता-घालता येईल अशी घ्या. तिला उन्हात किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवू नका, आणि सेल फुगला तर पुन्हा चार्जिंगला लावू नका.

सप्ताहाचा माईक

ग्रामपंचायतीचे पदाधिकारी, ग्रामसेवक, मुख्याध्यापक आणि देवस्थानची मंडळी यांनी हा भाग वाचावा. गावोगावी आता बिनवायरचे माईक आले. अखंड हरिनाम सप्ताह म्हटला की पारायण, प्रवचन, हरिपाठ, कीर्तन मिळून माईक दिवसाला सात-आठ तास चालू. एका माईकला दोन पेन्सिल सेल, दोन माईकना चार. अल्कलाइन घातले तरी रोज बदलावे लागतात. सात दिवसांत २८ सेल, १,१२० रुपये. साधे सेल घातले तर भर कीर्तनात बुवांचा आवाज तुटतो आणि कोणीतरी दुकान उघडायला धावतो. चित्र ओळखीचे आहे ना?

चार्जिंगचे आठ सेल घ्या, चार वापरात आणि चार भरणीला. आठ सेलांचे १,४४० आणि चार्जरचे ४८० मिळून १,९२० रुपये. कायद्याने वर्षात किमान चार ग्रामसभा घ्यायच्याच आहेत. दर सभेला कोणीतरी नवे सेल आणतोच आणि उरलेले कुठे जातात ते कळत नाही. शाळेचे स्नेहसंमेलन आहे. सप्ताह, सभा, शाळा यांनी मिळून एकच संच वापरला तर वर्ष-सव्वा वर्षात पैसे वसूल.

अडचण पैशांची नाहीच, सांभाळण्याची आहे. सामायिक वस्तू म्हणजे कोणाचीच नव्हे, हा आपला अनुभव. संच साठा नोंदवहीत चढवा आणि एका माणसाच्या ताब्यात द्या. नाहीतर चार सेल माईकमध्ये, दोन कोणाच्या तरी घड्याळात आणि चार्जर बेपत्ता, अशी गत व्हायची.

आशाताई आणि अंगणवाडीताईंकडेही सेलवरची यंत्रे असतात. २०२० साली 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजला गेला, ती छोटी यंत्रे आठवत असतील. अशा यंत्रांचा वापर अधूनमधून असतो. तिथे चार्जिंगचे सेल नकोत, अल्कलाइन बरे. आणि काम नसेल तेव्हा सेल बाहेर काढून ठेवायचे. पाझरलेल्या पंधरा रुपयांच्या सेलने हजाराचे यंत्र जाते.

विकत घेताना

बाजारात पेन्सिल सेलवर ४,००० नाहीतर ५,००० असे आकडे छापून विकतात. निकेलच्या पेन्सिल सेलात इतकी वीज मावतच नाही. २,७०० च्या आसपास हद्द संपते. शंका आली तर सोनाराच्या काट्यावर ठेवा. चांगला सेल २५ ते ३० ग्रॅम भरतो. पंधरा-सोळा ग्रॅम भरला तर आत मालच कमी आहे.

साधे चार्जिंगचे सेल नुसते ठेवले तरी उतरतात. पहिल्याच महिन्यात पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त वीज जाते. २००५ पासून कमी उतरणारे सेल निघाले आहेत. ते वर्षभरानंतरही बरीचशी वीज धरून ठेवतात आणि पाकिटातून काढल्या काढल्या चालतात. थोडे महाग पडले तरी तेच घ्या.

चार्जर घेताना दोन गोष्टी विचारा. एक, प्रत्येक सेल वेगळा भरतो की जोडीनेच? तीन सेलच्या बॅटरीला जोडीचा चार्जर अडचणीचा. दोन, सेल भरला की तो स्वतःहून थांबतो का? काही चार्जर नुसते तास मोजून थांबतात. वीज गेली आणि परत आली की ते पुन्हा पहिल्यापासून तास मोजतात. दिवसात चारदा वीज जाणाऱ्या गावात असा चार्जर सेलांना भाजून काढतो. भरताना सेल कोमट होणे ठीक, हाताला चटका बसता कामा नये.

साधे सेल चार्जरमध्ये कधीही घालू नका, ते फुटतात किंवा पाझरतात. उतरलेले सेल उन्हात ठेवून पुन्हा वापरायची पद्धत आहे. त्याने घटकाभर जोर येतो खरा, पण पाझरण्याचा धोका वाढतो. जुने-नवे किंवा साधे-चार्जिंगचे सेल एकत्र घालू नयेत. जो आधी संपतो त्याच्यातून बाकीचे उलटी वीज ढकलतात आणि तो कायमचा जातो. एकत्र घेतलेल्या सेलांवर पेनने महिना आणि वर्ष लिहून ठेवा, म्हणजे घोटाळा होत नाही.

राहता राहिले संपलेले सेल. ते उकिरड्यावर टाकू नका. तो उकिरडा पुढे शेणखत म्हणून तुमच्याच रानात जातो, आणि जुन्या निकेल-कॅडमियमच्या सेलांतले कॅडमियम विषारी असते. २००१ चे जुने नियम फक्त शिशाच्या बॅटऱ्यांसाठी होते. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत छोटे सेलही आले आहेत. ते परत गोळा करून त्यांची विल्हेवाट लावायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे, आणि वापरणाऱ्यांनी ते इतर कचऱ्यात मिसळू नयेत असे सांगितले आहे. खेड्यापर्यंत ही साखळी पोचायला वेळ लागेल. तोवर ग्रामपंचायत कार्यालयात आणि शाळेत झाकणाचा एकेक प्लॅस्टिकचा डबा ठेवायला काही खर्च येत नाही. डबा भरला की तालुक्याला जाणाऱ्या माणसाबरोबर ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर पाठवता येतो. शिशाच्या बॅटरीला तर भंगारवाला पैसे देतो, ती डब्यात टाकू नका.